गुणाचं लेकरू

दिवाळीचा फराळ अजून डब्यात असतो, तेवढ्यात आमच्या सरकारी दवाखान्यासमोरची बायकांची रांग नाहीशी होते. सगळ्या एकदम ठणठणीत झाल्या असं कुणी समजू नये. कापूस फुटलेला असतो. उजाडायच्या आत गावोगावचे टेम्पो भरतात. डोक्याला रुमाल, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, एका हातात भाकरीचं गठुडं आणि दुसऱ्या हातावर लेकरू. खोकला, कंबरदुखी, अंगावरून जाणं, सगळं संक्रांतीपर्यंत मागे ढकललेलं असतं.

मी या दवाखान्यात औषधाच्या खिडकीत बसते. दवाखाना परभणी जिल्ह्यातला, एवढंच सांगते. गावाचं नाव सांगत नाही, कारण पेन्शन अजून सुरू व्हायची आहे. खिडकीतून माणसाचा आधी हात आत येतो आणि मग चेहरा दिसतो, त्यामुळे मला हंगाम हातांवरून कळतात. सोयाबीनच्या दिवसांतले हात वेगळे, हळदीच्या दिवसांतले वेगळे. कापसाच्या दिवसांत बोटांची टोकं बोंडांनी फाटलेली असतात, नखांच्या कडेला रक्त सुकलेलं असतं. ‘पांढरं सोनं’ म्हणून भाषणं ठोकणारे ते हात बघत नसावेत. यंदाही पंधरा दिवसांपासून तसे हात यायला लागले आणि माझं डोकं नेहमीसारखं फिरलं. एका मागच्या हंगामाचा राग माझ्या मनातून जात नाही. तो जावा असं मला वाटतही नाही.

त्या हंगामात गौरी झोळीत होती. आता ती शाळेच्या वयाची आहे, म्हणजे फार जुनी गोष्ट नव्हे. तिची आई कविता आमच्याच गावची सून, माहेर सोनपेठकडचं. सासर मेंढरं राखणाऱ्यांचं. दिवाळी झाली की नवरा मेंढरं घेऊन बाहेर पडायचा. ज्याच्या रानात मेंढरं बसतील तिथे त्याचा मुक्काम. घरी कविता, तिची सासू सोजरबाई आणि गौरी. दोघी सासू-सुना कापूस वेचायला जायच्या आणि गौरीला बरोबर न्यायच्या, कारण घरी तिला बघायला दुसरं कुणी नव्हतं.

गौरीला नवव्या महिन्याची सुई टोचायला कविता आली तो दिवस मला लख्ख आठवतो. टोचणीचा दिवस म्हणजे आमच्याकडे नुसता आकांत असतो. सुई एकाला लागते आणि भोकाड दहा जण पसरतात. एका लेकराने सूर लावला की शेजारचं लावतं, मग पलीकडचं. त्या गोंधळात गौरी आईच्या मांडीवर बसून बाकीच्यांच्या उघड्या तोंडांकडे टकामका बघत होती. मधूनच हसत होती. सुई लागली तेव्हा रडली, पण तेवढ्यापुरतीच.

“बगा, बगा,” आमची सिस्टर सगळ्या आयांना म्हणाली, “याला म्हणतात गुणाचं लेकरू! न्हाईतर तुमची. सुई दिसायच्या आदीच बोंबलायलीत.”

“ही पैल्यापासून अशीच हाय, सिस्टर,” कविता म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. “लेकराचा म्हणून काई तरासच न्हाई.”

सोजरबाईंनी लगेच आपल्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेऊन नातीच्या गालाला लावलं. एवढ्या बायकांत कौतुक झालं म्हटल्यावर नजर लागायची भीती होतीच.

माझ्या दिरांच्या रानात त्या वर्षी कविताच्याच टोळीने वेचणी घेतली होती. रविवारी मी रानात जाते, काम करायला नव्हे, हिंडायला. दुपारची वेळ. बांधावरच्या बाभळीला लुगड्यांच्या झोळ्या टांगलेल्या, प्रत्येक झोळीत एक लेकरू. बायका कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीत वाकलेल्या. कापूस भरून न्यायला ट्रॅक्टर आला तो कर्ण्यावर गाणी लावूनच. तो असा काही दणाणला की झोळ्यांतली सगळी लेकरं किंचाळून उठली. बायका आपापली पात, म्हणजे वेचणीची ओळ, सोडून धावल्या. कविता धावली नाही. तिच्या झोळीत हालचाल नव्हती. पापण्यांवर कापसाची कुसं घेऊन गौरी गाढ झोपली होती.

“तुजं बरं हाय बाई,” लेकराला पदराखाली घेत एक जण म्हणाली. “आमची भवानी सुखानं पात लावू देईना.”

“माजी न्हाई उठायची,” कविता लांबूनच ओरडली. “ट्रॅक्टर उशाला लावा, तरी न्हाई!”

बायका हसल्या. मुकादमही हसला, कारण त्या टोळीत सगळ्यात जास्त कापूस कविताचा भरायचा. तिला मध्ये उठावंच लागत नव्हतं.

मला त्या दुपारचं एक फार छळतं. कविता पात संपवून बांधाशी आली की प्रत्येक वेळी झोळीत डोकावायची आणि बोलायची. “काय करायली माजी बाय? सपान बगायली? बाप कुटं हाय तुजा? मेंढरं घेऊन पालमला गेलाय. येताना काय आणील? खारीक आणील.” असं किती तरी. दवाखान्याच्या भिंतीवर तेव्हा नुकतं पोस्टर लागलं होतं, एक गोरीपान आई गुबगुबीत बाळाकडे बघून हसते आहे आणि खाली मोठ्या अक्षरात ‘बाळाशी बोला’. कविताला ते वाचून कुणी दाखवलं नव्हतं. तरी ती त्या झोळीशी जेवढं बोलली, तेवढं मी माझ्या दोन्ही मुलांशी मिळून बोलले नसेन. ते सगळं बोलणं त्या बाभळीखालीच राहिलं.

आपल्याकडे गुणाचं लेकरू कुणाला म्हणतात? जे मागत नाही, रडत नाही, ठेवलं तिथे राहतं, त्याला. ज्या घरात दिवसभर राबल्याशिवाय चूल पेटत नाही, त्या घरात असं लेकरू देवाची कृपाच वाटणार. त्यांना मी काय बोलू? पण आमच्या खात्यालाही नेमकं असंच लेकरू आवडतं. ठरल्या दिवशी येतं, सुई टोचून घेतं, काट्यावर गप बसतं, वजन बरं भरतं आणि जातं. गौरीचं वजन चांगलं होतं. सगळ्या सुया वेळेवर. आमच्या हिशेबी तिच्याइतकं निरोगी लेकरू पंचक्रोशीत नव्हतं. ती हाकेला वळते का, आवाजाने दचकते का, बोबडं काही बोलते का, हे विचारायचं काम कुणाचं? सिस्टरचं म्हणावं तर तिच्या एकटीच्या गळ्यात इतकी गावं की टोचणी आटपून ती दुपारचा डबा संध्याकाळी खायची. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात. आमचं खातं तर आईसुद्धा नव्हे.

तसं विचारायचं ठरलं होतं बरं का. त्याच वर्षी ठरलं होतं. लहान लेकरांची वाढ नुसती वजनाने होत नाही, त्यांच्याशी खेळायला हवं, त्यांचे कान-डोळे-बोलणं दवाखान्यातच बघायला हवं, असं वरून आलं. शहाणपणाची गोष्ट होती. कधी नव्हे ते वरून काही शहाणपणाचं आलं म्हणून मला आनंदही झाला होता. प्रशिक्षण द्यायला शहरातून एक बाई आल्या आणि पडद्यावर चित्रं दाखवून दिवसभर उंटावरून शेळ्या हाकून गेल्या. मग टोचणीच्या खोलीची एक भिंत रंगवली. तिच्यावर ससा, गाजर आणि एक फुगा. सशाला चष्मा का घातला होता ते रंगाऱ्यालाच ठाऊक. खेळण्यांची पेटी आली. रंगीत ठोकळे, चेंडू, आवाजाचे खुळखुळे. खुळखुळा लेकराच्या मागे, त्याला दिसणार नाही असा धरून वाजवायचा आणि ते वळतं का ते बघायचं, इतकं सोपं काम.

ती पेटी कपाटात गेली आणि कपाटाला कुलूप लागलं.

“लेकरं तोंडात घालतात हो, खराब होतील,” आमचे त्या वेळचे साहेब म्हणाले. “वरून व्हिजिट येणार आहे. तोवर नवी राहू देत.”

“साहेब, लेकरांनी तोंडात घालावीत म्हणूनच असतात ती,” मी म्हणाले.

“तुम्ही औषधं बघा,” साहेब म्हणाले.

व्हिजिट आली. पेटी बाहेर निघाली, सशापुढे मांडली, फोटो झाले, पेटी आत गेली. गौरी गुणाचं लेकरू ठरली त्या टोचणीच्या दिवशीही खुळखुळे त्याच खोलीत, तिच्या पाठीमागच्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत होते. मी पाप-पुण्य फारसं मानत नाही, पण त्या कुलपाला काही तरी म्हणायला हवं.

संशय शेवटी आला तो आईलाच. थंडी पडली होती, वेचणी मध्यावर आली होती. कविता गौरीला कडेवर घेऊन खिडकीशी आली. कागद नाही, आजार नाही. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, “मॅडम, हिला हाक मारायले तर बगंनाच ही. मी समोर गेले की लय हसती. माघून हाक मारली की बगंना.”

मी खिडकी बंद करून तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर नवे होते, बाहेर माणसांची झुंबड होती. त्यांनी गौरीच्या तोंडासमोर दोनदा चुटकी वाजवली. गौरीने बोटांकडे बघितलं आणि ती बोटं धरायला हात पुढे केला.

“बघते की!” डॉक्टर म्हणाले. “काही नाही. काही मुलं उशिरा करतात सगळं.”

“डॉक्टर, तिने बोटं बघितली,” मी म्हणाले.

“पुढचा पेशंट पाठवा,” ते म्हणाले.

संध्याकाळी मी कविताच्या घरी गेले. अंगणात सोजरबाई तापल्या होत्या. नातीला बहिरं म्हणणं म्हणजे त्यांच्या घराण्यावर आळ घेणं होतं.

“कोण म्हणतंय भैरी?” त्या म्हणाल्या. “जल्मली तवा म्या सोता तिच्या कानाशी थाळी वाजिवली. जरासुदीक दचकली न्हाई. मोठी धीराची निगंल, आसं तवाच म्हणले मी.”

आमच्याकडे ही रीतच आहे. बाळ जन्मलं की त्याच्याजवळ थाळी वाजवायची, म्हणजे पुढे ते कशाला दचकत नाही, भित्रं होत नाही. पहिल्याच दिवशी दचकलं नाही तर आनंदीआनंद. गौरीच्या कानांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं आणि त्यावर अंगणात पेढे वाटले गेले होते.

“थांबा, तुमाला दावतेच,” म्हणून सोजरबाईंनी गौरीला बाजेवर बसवलं. स्वतः तिच्या मागे, त्याच बाजेवर बसल्या आणि पितळी थाळीवर पळी हाणली. गौरी चटकन वळली. जमलेल्या शेजारणी “आयकती की गं!” म्हणून हसल्या. सोजरबाईंनी माझ्याकडे जिंकल्यासारखं बघितलं.

कविता हसली नाही. तिने पुढे होऊन गौरीला उचललं, खाली अंगणात नेलं आणि पाठमोरी धरली.

“बाजंला दणका बसायलाय, आत्याबाई,” ती म्हणाली. “सुतळी हालायली, ते कळायलंय तिला. तितूनच वाजवा आता.”

सोजरबाईंनी वाजवली. गौरी आईच्या गळ्यातले मणी ओढत राहिली. त्यांनी आणखी जोरात वाजवली. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली, शेजारचं दुभतं जनावर दाव्याला हिसके द्यायला लागलं. गौरी मण्यांशी खेळत होती. थाळी वाजतच राहिली, मग हळूहळू थांबली. शेजारणी एकेक करून निघून गेल्या.

“दमली आसंल,” सोजरबाई म्हणाल्या. “उद्या वाजवू.”

त्या बाईला मी कधी दोष दिला नाही. पुढे त्यांनी देवळातल्या घंटेवरून ओघळलेलं पाणी गौरीला पाजलं, चिमणीचं उष्टं भरवलं, राणीसावरगावच्या कुणा जाणत्याकडूनही काही आणलं. जे हाताशी होतं ते त्यांनी केलं. ज्यांच्या हाताशी याहून बरं काही होतं त्यांनी काय केलं, हा माझा प्रश्न आहे.

लेकरं तपासणारं पथक असतं, गाडी घेऊन अंगणवाडीत येतं. आलं तेही. भर वेचणीत, आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी अकरा वाजता. अंगणवाडीत तेव्हा कोण असणार? सगळी लेकरं बाभळींखाली होती. पथकाने रिकाम्या खोलीत थोडा वेळ वाट बघितली आणि ते परत गेलं. रानात चला म्हटलं तर गाडी बांधापर्यंत जात नाही म्हणाले. कापूस भरलेला ट्रॅक्टर जातो, हे मी सांगून बघितलं.

मग कविता एकटीच निघाली. एसटीने, दोन ठिकाणी गाडी बदलून, एका मोठ्या गावच्या मोठ्या दवाखान्यात. तिथे कान तपासायचं यंत्र होतं, पण लेकरू झोपलेलं लागतं म्हणाले. ट्रॅक्टरच्या कर्ण्यात न उठणारी गौरी एसटीच्या हादऱ्यांनी टक्क जागी होती. नवी माणसं, चकचकीत फरशी, ती कशाला झोपते? झोपवून आणा म्हणून परत पाठवलं. पुढच्या खेपेला ती झोपली होती, तर यंत्र चालवणारा रजेवर. त्याच्या पुढच्या खेपेला नवराच आडवा आला. मेंढरांत माणूस कमी होता, म्हणून तो दोघींना मुक्कामावर घेऊन गेला. पाऊसकाळ गेला, दुसरी वेचणी आली. तपासणी झाली तेव्हा गौरी धावत होती. दोन्ही कानांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, असं कागदावर लिहून मिळालं. कानामागे लावायचं यंत्र मिळायला आणखी बराच काळ गेला. कानाच्या आत यंत्र बसवायच्या ऑपरेशनसाठी एका गावाहून दुसऱ्या गावाला, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर.

शेवटच्या टेबलाशी मी बरोबर होते. टेबलामागच्या माणसाने कागद चाळले. तो वाईट नव्हता, त्याने कविताला बसायला खुर्ची दिली.

“वय निघून गेलं हो हिचं,” तो म्हणाला. “फार लहानपणी करावं लागतं. आता करून बोलणं येईलच असं नाही. आधी का नाही आणलं?”

त्याने पुन्हा विचारलं, आवाज थोडा चढवून, अडाणी माणसाला विचारतात तसं. “आई ना तुम्ही? इतके दिवस लक्षात नाही आलं?”

मी भांडले. खुर्ची मागे ढकलून, सगळी माणसं वळून बघतील अशी भांडले. कोण आधी आलं आणि कोण नंतर, ते सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, बाई, तुमचं बरोबर असेल, पण नियम आहे. परतीच्या एसटीत कविता खिडकीकडे तोंड करून बसली होती. पालम आल्यावर एवढंच म्हणाली, “मॅडम, मी तर सगळ्यात आदी बोलले होते ना?”

होय, तूच बोलली होतीस. हे मी तिला त्या दिवशी सांगितलं आणि अजूनही सांगते, पण त्या टेबलावरच्या प्रश्नापुढे माझं सांगणं टिकत नाही. आता आमच्या दवाखान्यात टोचणीच्या दिवशी खुळखुळा वाजवतात, नवी सिस्टर बांधावर जाऊनही वाजवते. चांगलं आहे. बैल गेला आणि झोपा केला, हे मी तिच्या तोंडावर म्हणत नाही. त्या पोरीचा काय दोष? पण गौरीच्या कानामागचं यंत्र घामाने बंद पडतं, त्याचा सेल तालुक्याला मिळत नाही, आणि ती शाळेत पहिल्या रांगेत बसून फळ्यावरची अक्षरं कोरल्यासारखी उतरवून काढते, ज्यांचा आवाज तिला माहीत नाही. ती आईला ‘आ’ म्हणते. तेवढंच म्हणते.

कविताला आता मुलगा झाला आहे, चार-पाच महिन्यांचा. गेल्या रविवारी रानात गेले तर बांधावर तो आकांत करत होता आणि टोळीतल्या बायका कविताला बोलत होत्या.

“झोपू दे की गं त्येला! काहून नाहक जागं करायलीस घडीघडी?”

“झोपतो की,” कविता म्हणाली. “आयकून झोपतो का न आयकता, ते बगायले.”

ती दर पातीच्या शेवटी येते. बाळ डोळा लागून पडलेलं असतं. ती त्याच्या उशाशी, त्याला दिसणार नाही अशी उभी राहते आणि जोरात टाळी वाजवते. बाळ दचकतं, हातपाय झाडून रडायला लागतं. मग ती त्याला उचलते, त्याचे मुके घेते आणि हसते. आता तिचा कापूस सगळ्यात कमी भरतो. बायका म्हणतात, हिला येड लागलंय. मुकादम म्हणतो, पुढच्या साली हिला नको.

त्या दिवशी रविवार म्हणून गौरीही रानात होती. आई काय करते ते ती बारकाईने बघत होती. कविताने बाळाला सुती गोधडीवर बसतं धरलं, तशी गौरी गुपचूप त्याच्या मागे गेली आणि आईसारखीच तिने टाळी वाजवली. बाळ दचकून वळलं. गौरी खदखदून हसली. तिने पुन्हा वाजवली, ते पुन्हा वळलं. आपले तळहात उलटेपालटे करून बघत ती म्हणाली, “आ! आ!”

मग ती पळत आली आणि आईच्या समोर, आईकडे पाठ करून, मांडी घालून बसली. एकदा मान वळवून तिने आईच्या हातांकडे बोट दाखवलं, पुन्हा तोंड पुढे केलं आणि पाठ ताठ केली. आता तिची पाळी होती.

कविताने हात वर केले, पण तिला टाळी वाजवता येईना. गौरी पाठमोरी बसून वाट बघत होती.